अल्प मात्रेचे पहिले सहा आठवडे
थायरॉक्सीन नव्याने सुरू झालेला रुग्ण, आपण वैद्य आणि आपले औषधविक्रेते बंधू

‘डॉक्टर, तीन आठवडे झाले, रोज गोळी घेते, पण काडीचाही फरक नाही. बंद करू का?’ हा प्रश्न अलीकडे आमच्या चिकित्सालयात आठवड्यातून एकदा तरी कानी पडतो. प्रश्न विचारणारी बहुधा स्त्री असते. तपासणी दुसऱ्या चिकित्सकाने केलेली असते आणि लेव्होथायरॉक्सीनची २५ मायक्रोग्रॅमची गोळी त्यांनीच लिहून दिलेली असते. तरीही पुढचा प्रश्न मात्र ती आपल्याकडे घेऊन येते, कारण आपण तिच्या घराजवळ आहोत, तिच्या सासूची संधिवाताची चिकित्सा आपण केली आहे आणि आपल्याशी ती मोकळेपणाने बोलू शकते. म्हणूनच ही गोळी आपण लिहिलेली नसली तरी तिच्यासंबंधीचे उत्तर देण्याची जबाबदारी अनेकदा आपल्यावर येऊन पडते. या उत्तरात चूक झाली तर काय होते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने केलेले चिंतन वैद्यबंधू-भगिनी व औषधविक्रेते यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय विरळा नाही. मुंबई व गोव्यासह देशातील आठ महानगरांत व प्रदेशांत ५,३७६ प्रौढांच्या तपासणीवर आधारित आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटू ग्रंथीची न्यूनक्रियता आढळली होती. छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयापासून वैजापूर, कन्नड, सिल्लोडच्या लहान दवाखान्यांपर्यंत ‘थायरॉईडची गोळी’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. गोळी पोहोचली, पण ती कशी घ्यावी आणि तिच्याकडून केव्हा कशाची अपेक्षा करावी, हे ज्ञान मात्र तिच्याबरोबर पोहोचलेले नाही.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी वैजापूर तालुक्यातील साठीच्या एक बाई आमच्याकडे आल्या. रक्तदाबाचा जुना विकार, अंगावर सूज, मलावष्टंभ, थंडी सहन न होणे, दिवसभर तंद्रा अशी लक्षणे होती. शहरातील एका चिकित्सकाने तपासणी करून २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली होती व सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासण्यास सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात बाई आमच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘गोळी सुरू केल्यापासून छातीत लई धडधडतंय. रात्री डोळ्याला डोळा नाही. ही गोळी मला सोसत नाही.’

नाडी पाहिली. ती द्रुत होती. आम्ही म्हणालो, ‘आठ दिवस गोळी थांबवा, मग पाहू.’ आठ दिवसांनी त्या आल्या नाहीत. पंधरवड्यात धडधड थांबली होती. तेव्हा गोळी हाच शत्रू होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि वैद्यांनीच बंद करावयास सांगितले असल्याने त्यांच्या मनात शंकाही उरली नाही. चार महिन्यांनी, पौषाच्या थंडीत, मुलाने त्यांना आणले तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलणे संथ आणि नाडी अत्यंत मंद होती. टीएसएच साठाच्या वर गेले होते. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले. त्या बऱ्या झाल्या, हे आमचे भाग्य. शरीर थंड पडणे, तंद्रा वाढत जाणे व शुद्ध हरपणे ही या व्याधीची अंतिम अवस्था प्राणघातक असते, आणि त्या वाटेवर त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या.

खरी गोष्ट त्यानंतर उलगडली. त्यांच्या सुनेलाही हाच विकार होता आणि तिची गोळी १०० मायक्रोग्रॅमची होती. सासूबाईंनी साधा हिशेब केला होता : सुनेला शंभराची, मला पंचविसाची, चौथाईनं काय होणार? स्वतःच्या गोळीबरोबर त्या सुनेच्या बाटलीतील एक गोळी रोज घेऊ लागल्या. बारा दिवस हा क्रम चालला. साठीचे, रक्तदाबाने आधीच थकलेले हृदय एकाएकी १२५ मायक्रोग्रॅमला सामोरे गेले होते. धडधड झाली ती २५ ने नव्हे. गावातील औषधविक्रेत्याने सुनेची बाटली या वेळी लवकर संपली, हे ओळखून तसे बोलूनही दाखविले होते. परंतु पुढची चौकशी त्याने केली नाही आणि आम्हीही ‘गोळी नेमकी कशी घेता, दाखवा पाहू’ हा एक प्रश्न विचारला नाही. दोन ठिकाणी एकेक प्रश्न विचारला गेला असता तर चार महिन्यांचे हाल टळले असते.

अल्प मात्रा कशासाठी?

ही मात्रा अल्प का ठेवली जाते, हे रुग्णाला न सांगणे हेच पुष्कळदा या गोंधळाचे मूळ असते. प्रौढ व्यक्तीत ग्रंथी जवळजवळ पूर्ण निकामी असेल तर दर किलो वजनास सुमारे १.६ मायक्रोग्रॅम एवढी दैनंदिन पूर्ण मात्रा लागते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस अंदाजे ८० मायक्रोग्रॅम. तरुण व निरोगी हृदयाच्या रुग्णास चिकित्सक ही मात्रा आरंभापासूनच देऊ शकतात. वृद्ध, हृद्रोगी किंवा दीर्घकाळ व्याधी अंगावर काढलेल्या रुग्णास मात्र १२.५ किंवा २५ ने आरंभ करून सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने एकेक टप्पा वाढवितात. कारण या द्रव्याने हृदयाची गती व प्राणवायूची गरज दोन्ही वाढतात. ज्याच्या हृदयवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला ही एकाएकी वाढलेली मागणी पेलवत नाही.

१८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर प्रथम उपचार केला. ती स्त्री त्यानंतर सुमारे २८ वर्षे जगली. या यशाबरोबरच, रुग्णाला वेगाने जोम आणणे हृदयास धोक्याचे ठरू शकते, हा धडाही त्या पिढीस लवकरच मिळाला. पुढे १९१४ साली केंडॉल यांनी थायरॉक्सीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि कालांतराने ग्रंथीच्या अर्काची जागा मोजूनमापून देता येणाऱ्या गोळीने घेतली. द्रव्य बदलले, पण सावकाश चढण्याचा नियम कायम राहिला.

आपल्याला हा नियम परका नाही. शोधनानंतर मंद झालेल्या अग्नीस एकदम गुरू अन्न देऊ नये, पेयादी क्रमाने त्याला वाढवावे, हे सांगताना चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तृण व गोमय घालून हळूहळू चेतविलेल्या ठिणगीची उपमा आली आहे. सवय सोडताना व जोडताना पादांशिक क्रम पाळावा, हेही आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. पंचविसाची गोळी म्हणजे त्या ठिणगीवर ठेवलेले पहिले तृण होय. रुग्णाला ही उपमा सांगितली की ती चटकन पटते, असा आमचा अनुभव आहे. ‘चुलीत ओला ओंडका एकदम घातला तर जाळ विझतो किंवा धूर होतो’, एवढे वाक्य खेड्यातील आजीला पुरेसे होते.

पहिल्या सहा आठवड्यांत काय घडते?

थायरॉक्सीन शरीरात फार सावकाश साठते व सावकाशच उतरते. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी उणी होण्यास साधारण सात दिवस लागतात आणि न्यूनक्रियतेच्या रुग्णात याहूनही अधिक. त्यामुळे रोज एकच मात्रा घेऊनही रक्तातील पातळी स्थिर होण्यास पाच ते सहा आठवडे जातात. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात टीएसएच तपासून ‘गोळी लागू पडत नाही’ असे म्हणणे म्हणजे पेरणीनंतर चौथ्या दिवशी माती उकरून पाहणे होय. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणीला अर्थ असतो.

या काळात रुग्णाने कशाची अपेक्षा करावी? पहिल्या आठवड्यात बहुतेकांना काहीही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चेहऱ्याची सूज ओसरू लागते, मलप्रवृत्ती सुधारते, तंद्रा किंचित उणी होते. काहींना आरंभी हलकी धडधड, अस्वस्थता किंवा झोपेत व्यत्यय जाणवतो. तो सौम्य असेल व नाडी नियमित असेल तर बहुधा काही दिवसांत शमतो. त्वचेची रुक्षता, केस गळणे व आवाजातील घोगरेपणा यांना मात्र तीन ते सहा महिने लागू शकतात. वजनाविषयी तर आधीच स्पष्ट बोलावे. या व्याधीत वाढलेले वजन प्रायः थोडेच असते व त्यातील बराच भाग साठलेल्या पाण्याचा असतो. मेदोवृद्धीचे सारे ओझे अवटू ग्रंथीवर टाकून बसलेल्या रुग्णाची निराशा ही गोळी दूर करू शकत नाही.

आम्ही आता अशा प्रत्येक रुग्णाची पहिल्या भेटीत व नंतर दर पंधरवड्यास नाडी मोजून तिची संख्या, ताल, वजन व रक्तदाब लिहून ठेवतो. नाडीपरीक्षण हे आपले नित्याचे कर्म. घड्याळ लावून मिनिटाचे ठोके मोजण्याची त्याला जोड दिली की मूळ चिकित्सकाशी बोलताना आपल्या हाती ठोस माहिती असते.

याच्या उलट एक चूकही तितकीच आढळते. पंचविसाची गोळी ही पहिली पायरी आहे, हे न कळल्याने काही रुग्ण वर्षानुवर्षे त्याच पायरीवर उभे राहतात. पुनर्तपासणी होत नाही, जुनी चिठ्ठी दाखवून बाटली घेतली जाते आणि थकवा ‘वयाचा’ म्हणून सोसला जातो. रुग्णाच्या हातात पंचविसाची बाटली दिसली की ‘शेवटची तपासणी केव्हा केली?’ हे विचारणे आपले कर्तव्य आहे. अर्थात काहींना तेवढीच मात्रा पुरेशी असते, तर काहींना ती लागतही नाही. टीएसएच किंचित वाढलेले परंतु टी-४ प्राकृत असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवरील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांना लक्षणांच्या बाबतीत विशेष लाभ दिसला नाही. मात्रा वाढविणे, घटविणे वा थांबविणे हा निर्णय अहवाल व रुग्ण दोन्ही पाहून मूळ चिकित्सकानेच करावा. आपण त्यात परस्पर हात घालू नये.

औषधकाल आणि आपली कल्पे

औषधसेवनकालांपैकी अभक्त काल या गोळीस तंतोतंत लागू पडतो. सकाळी रिकाम्या पोटी, केवळ पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध किंवा न्याहारी घेऊ नये. आपल्याकडे उठल्याबरोबर चहा हा नियमच असल्याने अनेकांची गोळी चहाच्या घोटाबरोबरच पोटात जाते. ज्यांना सकाळचा नियम जमत नाही त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, निजताना गोळी घेतली तरी चालते, मात्र एकदा ठरविलेली वेळ बदलू नये. रमजानच्या महिन्यातही निजतानाची ही सोय अनेकांना उपयोगी पडते. नवरात्रात वा एकादशीस ‘उपवास मोडेल’ म्हणून गोळी सोडणाऱ्या भगिनींना, ती पाण्याबरोबर घ्यावयाची औषधमात्रा आहे, अन्न नव्हे, हे आपण सांगितले तर ते त्यांना अधिक पटते. एखादा दिवस विसरला तर घाबरण्याचे कारण नाही, पण नऊ दिवस सोडले तर सारा हिशेब चुकतो.

आता आपल्या स्वतःच्या कल्पांकडे वळू. कॅल्शियम व लोह यांच्या संयोगाने थायरॉक्सीनचे शोषण घटते, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे, हा आधुनिक शास्त्राचा नियम सर्वांना ठाऊक आहे. परंतु शंख, कपर्दिक, प्रवाळ व मुक्ताशुक्ती यांची भस्मे वा पिष्टी कॅल्शियमयुक्तच आहेत आणि मंडूर, नवायस लोह व आरोग्यवर्धिनी यांत लोह आहे, हे लिहिताना आपल्या ध्यानी राहते का? अम्लपित्तासाठी सकाळी रिकाम्या पोटी दिलेली कामदुधा किंवा सूतशेखर आणि त्याच वेळी घेतलेली थायरॉक्सीनची गोळी, हा संयोग आम्ही स्वतः नकळत घडवून आणलेला आहे. नंतर ‘टीएसएच उतरत नाही’ म्हणून मात्रा वाढविली गेली. इसबगोलासारखी तंतुमय द्रव्येही गोळीजवळ देऊ नयेत. आमचा आताचा साधा नेम असा : पहाटे गोळी, तासाभराने चहा, आणि भस्मे व मंडूर दुपारच्या जेवणानंतर.

दुसरा मुद्दा नव्या औषधांचा. अश्वगंधेने अवटू ग्रंथीच्या स्रावावर परिणाम होतो, असे दिसून आले आहे. सौम्य न्यूनक्रियतेच्या ५० रुग्णांवरील २०१८ सालच्या एका लहान प्रयोगात आठ आठवड्यांत टीएसएच उतरल्याची नोंद आहे. गुग्गुळाविषयीही प्राण्यांवरील प्रयोगांत तशी निरीक्षणे आहेत. हीच गोष्ट सावधगिरीचे कारण ठरते. मात्रा ठरविण्याच्या या सहा-आठ आठवड्यांत आपण अश्वगंधा किंवा कांचनार गुग्गुळ नव्याने सुरू केला तर धडधड कशाने झाली आणि अहवाल कशाने बदलला, हे कोणालाही सांगता येणार नाही. ही औषधे आधीपासून चालू असतील तर ती चालू असल्याचे मूळ चिकित्सकास कळवावे. नव्याने द्यावयाची असतील तर मात्रा स्थिर होईपर्यंत थांबावे. सुश्रुतांनी वर्णिलेला गलगंड हा ग्रीवेतील शोथ आहे. ग्रंथीची न्यूनक्रियता गलगंडावाचूनही असते आणि गलगंड न्यूनक्रियतेवाचूनही असतो. तेव्हा गलगंडाची चिकित्सा लिहून थायरॉक्सीन बंद करणे शास्त्रसंमत ठरत नाही.

औषधविक्रेत्यांस विनंती

औषधाच्या दुकानात तीन गोष्टींकडे लक्ष दिले जावे. पहिली, दशांशचिन्ह. १२.५ आणि १२५ यांत केवळ एका बिंदूचे अंतर आहे, परंतु मात्रा दसपट होते. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर तो बिंदू दिसत नाही. नव्या, वयस्क रुग्णाची चिठ्ठी १२५ ची वाटली तर लिहिणाऱ्यास दूरध्वनी करून खात्री करावी. दुसरी, ब्रँड. थायरॉक्सीनच्या मात्रेत लहान फरकही परिणाम करतो, म्हणून रुग्ण ज्या कंपनीची गोळी घेत आहे तीच शक्यतो द्यावी आणि बदलणे भाग पडल्यास ते रुग्णास सांगावे, म्हणजे पुढील तपासणी वेळेवर होईल. तिसरी, साठवण. हे द्रव्य उष्णता, ओलावा व प्रकाश यांनी बिघडते. आपल्या शहरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बाटली स्वयंपाकघरात शेगडीजवळ, खिडकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नये, हे देतानाच सांगावे.

याशिवाय एकाच बिलात थायरॉक्सीन व कॅल्शियम जात असेल तर ‘चार तासांचे अंतर’ हे शब्द पाकिटावर लिहून द्यावेत. केस गळतात म्हणून बायोटिन नेणाऱ्या रुग्णास, रक्ततपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे, असे सांगावे, कारण काही तपासणीपद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी दिसते. आणि बाटली अपेक्षेपूर्वी संपली तर कारण अवश्य विचारावे. आमच्या त्या बाईंचे दुखणे प्रथम दुकानाच्या गल्ल्यावरच उघड होऊ शकले असते.

केव्हा थांबू नये

छातीत दुखणे, चालताना नव्याने दम लागणे, नाडी अनियमित होणे, विश्रांतीतही ठोके शंभराच्या वर राहणे, किंवा उलट तंद्रा वाढत जाऊन शरीर थंड पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णास त्याच दिवशी मूळ चिकित्सकाकडे वा रुग्णालयात पाठवावे. गर्भिणीच्या बाबतीत अल्प मात्रेची प्रतीक्षा मुळीच लागू नाही. गर्भारपण कळताच मात्रा बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावी लागते, म्हणून तिला विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

आणखी एक बाब आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावी. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेली, नंतर स्तन्य न आलेली व आर्तव परत न आलेली स्त्री, तसेच सांधेदुखीसाठी अनोळखी पुड्या दीर्घकाळ घेतलेला रुग्ण. पहिलीत मस्तकातील पोषग्रंथी व दुसऱ्यात पुड्यांतील छुप्या स्टिरॉईडमुळे अधिवृक्क ग्रंथी दुर्बल झालेली असू शकते. अशांना केवळ थायरॉक्सीन दिल्यास प्रकृती एकाएकी ढासळते. गोळी सुरू होताच वमन, भोवळ व रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसली तर हा पूर्वेतिहास विचारावा व तो चिकित्सकास तत्काळ कळवावा. हा इतिहास बहुधा आपल्यालाच ठाऊक असतो.

त्या बाईंची मात्रा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ७५ मायक्रोग्रॅमवर स्थिरावली आहे. त्या अजूनही आमच्याकडे येतात. गुडघ्यांसाठी तेल नेतात आणि जाताना गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवून म्हणतात, ‘मोजून बघा.’ आम्ही खरोखरच मोजतो. अल्प मात्रेवर असलेला रुग्ण आपल्याकडे आला की नवे औषध लिहिण्यापूर्वी आणि जुने थांबविण्यापूर्वी त्याची बाटली मागून घ्यावी, तारीख पाहावी, गोळ्या मोजाव्यात व ‘कशी घेता?’ असे विचारावे, एवढीच आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना नम्र विनंती आहे.